हलू नका बाबा

चित्रकलेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आमच्या सरांनी एक नियम घातला होता. रोज वीस स्केच, आणि तीही जिवंत माणसांची. फोटोवरून काढलेलं त्यांना पाहताक्षणी कळायचं. मग ते वही दोन बोटांत धरून अशी परत द्यायचे, की त्यापेक्षा त्यांनी ती फेकली असती तर बरं वाटलं असतं. अमरावतीत येऊन मला महिनाही झाला नव्हता, आणि आम्ही सगळी पोरंपोरी झोपलेल्या माणसांच्या शोधात फिरायला लागलो. बडनेरा स्टेशनचे बाक, बसस्टँड, दवाखान्याचा व्हरांडा, जिथे कोणी आडवं झालेलं दिसेल तिथे आमच्या वह्या उघडायच्या. जागा माणूस हलतो. नाक खाजवतो, मोबाइल काढतो, आपली वही दिसली की केस नीट करतो आणि सगळं बिघडवून ठेवतो. झोपलेल्याचा काही त्रास नसतो. त्याला विचारावंही लागत नाही. मी या कामात इतकी तरबेज झाले की माणसाची झोप किती पक्की आहे हे मला त्याच्या पायाच्या अंगठ्यावरून कळायचं. याचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपता संपता बाबांना लकवा मारला.

बाबा अकोल्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि अक्षर असं की विहाराच्या फळ्यावरची सूचना लिहायला दुसऱ्या कोणाच्या हातात खडू द्यायची कोणाची हिंमत नव्हती. वर्गात ते ओरडायचे नाहीत. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ एवढं हळू म्हणायचे आणि चाळीस पोरं गप्प बसायची. माझ्यावरही त्यांनी हा प्रयोग घरी पुष्कळदा केला होता. मी कधीच गप्प बसले नाही. त्या आजारात त्यांची उजवी बाजू गेली, तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि बोलणंही गेलं. दोन-चार शब्द राहिले, तेही वेळेवर येतीलच असं नाही. आईने त्यांच्या खोलीतला आरसा काढून स्वयंपाकघरात नेला आणि कपाटाच्या दाराला जो होता त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. त्यांनी स्वतःला पाहू नये, आणि शक्यतो दुसऱ्यांनीही त्यांना पाहू नये, असं घरात न बोलता ठरून गेलं. शाळेतले सहकारी यायचे तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्ही म्हणायचो, आत्ताच डोळा लागला.

मी शनिवारी अमरावतीहून यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायची. आई आठवडाभर एकटीने सगळं करायची, म्हणून हे दोन दिवस बाबांजवळ बसायचं काम माझ्याकडे होतं. आणि बसल्या बसल्या रोजची वीस स्केच बाकी असायची. पहिलं कधी काढलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की काढून झाल्यावर मी वही बंद केली तेव्हा मनात आलं, आता स्टेशनवर जायची गरज नाही.

लिहिताना हात थांबतो, पण हे असंच होतं.

पुढची दीड वर्षं मी बाबांना काढत राहिले. आधी पेन्सिलने वहीत, मग कोळशाने मोठ्या कागदावर. खिडकीतून येणारा दुपारचा उजेड त्यांच्या गालाच्या हाडावर पडायचा, आणि उघड्या तोंडाच्या आत जो काळोख दिसायचा त्याला मी कोळशाची कांडी आडवी दाबून घासायची. ती जागा जमली की पोटातून आनंद व्हायचा. ज्या जागेकडे पाहून आई तोंड फिरवायची, तिथे मी तासतास बघत होते, आणि मला तिथे दुःख दिसत नव्हतं. मला तिथे उजेड आणि सावली दिसत होती. डोळे मिटलेले असायचे, म्हणून मी धरून चालले की ते झोपलेत. पायाच्या अंगठ्यावरून झोप ओळखणारी मी, बाबांच्या अंगठ्याकडे काही पाहिलं नाही.

एका उन्हाळ्यातल्या रविवारची गोष्ट आहे. आई बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. बाबांच्या अंगावरची चादर अशी काही पडली होती की तिच्या घड्या छातीपासून गुडघ्यापर्यंत उतरत गेल्या होत्या, आणि डावा हात त्या घड्यांवर उताणा. तसं पुन्हा मिळणार नाही हे मला कळत होतं. अर्ध्यावर आले असताना त्यांचे ओठ हलले. ‘पा’ एवढं आलं. पाणी. मी म्हणाले, “एक मिनिट, हलू नका बाबा.” कूलरमधलं पाणी संपून तो नुसती गरम हवा फेकत होता, तेही मला ऐकू आलं, पण उठले असते तर उजेड सरकला असता. बाबा हलले नाहीत. ओठावर माशी बसली, तरी नाही. आई आली तेव्हा मी शेवटची घडी काढत होते. तिने आधी त्यांना चमच्याने पाणी पाजलं, गळा पुसला, कूलर भरला, आणि मग माझ्याकडे वळली.

“माणूस हायेत ते,” ती म्हणाली. “तुह्या कॉलेजातलं मडकं नाई.”

मी रडले, कानाला खडा लावला, आईच्या पाया पडले. आणि पुढच्या शनिवारी बोर्डला पुन्हा कागद लावला. माझ्याबद्दल यापेक्षा वाईट काही मला ठाऊक नाही. सरांनी मात्र ते चादरीचं चित्र स्वतः उचलून खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात प्रत्येकाला एक भिंत मिळते, त्यावर तू हेच लाव, म्हणाले. मी चिखलदऱ्याच्या सहलीत केलेली धुक्याची जलरंगं दाखवली तर म्हणाले, ही छान आहेत, कॅलेंडरला दे.

भिंतीसाठी मी चौदा चित्रं निवडली. त्यांच्यावर स्प्रे मारला नव्हता. कोळसा कागदाला धरून राहावा म्हणून आम्ही वर्गात सगळे केसांचा स्प्रे मारायचो, पण त्याने काळ्याचा जीव जातो, तो करडा होतो. मला तोंडातला तो काळोख जसाच्या तसा हवा होता. परीक्षकांची तपासणी झाली की मग मारू, असं ठरवलं. ओळंब्याने रेघ धरून दोन दिवस मांडणी केली, क्लिपा लावल्या, दिव्यांची तोंडं वळवली. मधोमध चादरीचं मोठं चित्र. घरी मी फक्त प्रदर्शन आहे एवढंच सांगितलं होतं. आत्याला मात्र माझ्या वर्गातल्या कोणी तरी मोबाइलवर टाकलेल्या फोटोवरून सुगावा लागला आणि तिने फोन करून मला फैलावर घेतलं. आमच्या घरी भिंतीवर आजी-आजोबांचेच फोटो आहेत, हार घातलेले. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की जित्या माणसाले भितीवर टांगत नसतात. मी तिला अंधश्रद्धाळू म्हणाले. बुद्धवंदना करून उठतेस आणि असं बोलतेस, असंही वर ऐकवलं. तेव्हा फार शहाणी होते मी.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आईचा फोन आला. बाबा चार दिवसांपासून कॅलेंडरवर बोट ठेवत होते. तिला वाटलं, दवाखान्याची तारीख विचारतात. मग त्यांनी डाव्या हाताने हवेत रेघा ओढून दाखवल्या तेव्हा तिच्या ध्यानात आलं. लकवा झाल्यापासून दवाखान्याशिवाय जे घराबाहेर पडले नव्हते, ते अमरावतीला यायचं म्हणत होते. तिने नात्यातल्या एकाची गाडी ठरवलीसुद्धा होती. आनंदात होती. मी हो हो म्हणाले आणि फोन ठेवला.

बाबांनी दीड वर्षात आरसा पाहिला नव्हता. आणि आता भरल्या हॉलमध्ये, माझ्या वर्गातल्या पोरांच्या देखत, एकदम चौदा आरसे. वाकडं तोंड, सुटलेली हनुवटी, ओठाच्या कडेची ओल, सगळं मी मन लावून काढलेलं. ज्या माणसाने इस्त्रीशिवाय शर्ट घातला नाही, त्याला मी न विचारता असं उघडं टांगलं होतं. सकाळी हॉल उघडताच मी एकटी आत गेले आणि सगळी चित्रं उतरवली. घाई इतकी की मध्ये कागदही घातले नाहीत, एकावर एक ठेवून गुंडाळी केली, दोरी करकचून आवळली आणि टेबलाखाली सारली. त्या जागी चिखलदऱ्याचं धुकं लावलं. क्लिपा वाकड्या गेल्या.

सर आले, भिंत पाहिली, मला पाहिलं. “तुझं काम कुठं आहे?”

मी सांगितलं, बाबा येताहेत.

“मग?” ते म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता पुढे गेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी धुक्यासमोर जेवढा वेळ थांबायला हवा तेवढाच घेतला. मार्कांचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. बाबा येईपर्यंत मी सुटल्यासारखी होते, हे खरं.

ते दुपारी आले. जिना चढवायला वर्गातल्या दोघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. अंगात पांढरा शर्ट होता, इस्त्रीचा. तेल लावून भांग पाडलेला, दाढी गुळगुळीत, खिशाला पेन. इतक्या दिवसांत मी त्यांना पायजमा आणि बनियनमध्येच पाहिलं होतं, तेच काढलं होतं. माझ्या मैत्रिणी पुढे येऊन नमस्कार करत होत्या आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही. प्रत्येकीकडे सरळ पाहत होते. आई कानाशी पुटपुटली की शर्टाला दोनदा इस्त्री करायला लावली, पहिली पसंत नाही पडली.

मी खुर्ची धुक्यासमोर ठेवली. बाबांनी पहिलं चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, शाळेतल्या वह्या तपासायचे तसं एकेक करत शेवटपर्यंत गेले. मग मान वळवून शेजारच्या पोराची भिंत पाहिली. मग समोरची. मग पुन्हा माझी. मी आपली बोलत सुटले होते, हे कॉफीचं झाड आहे बाबा, हा दरीतला ढग. त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला. शब्द यायला वेळ लागला.

“मी... कुठी?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मला आधी कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. दीड वर्ष ते झोपलेले नव्हते. कोळशाची घासघास ऐकत, डोळे मिटून, तहान लागली तरी, ओठावर माशी बसली तरी, ते माझ्यासाठी पडून होते. आपण कसे दिसतो हे त्यांना आरशाशिवाय माहीत होतं. ते माहीत असूनच, इस्त्रीचा शर्ट घालून, ते स्वतःला बघायला आले होते. माझ्या चित्रांची लाज त्यांना वाटत नव्हती. ती मला वाटली होती, आणि मी ती त्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले होते.

मी टेबलाखालून गुंडाळी ओढली. दोरी सुटेना, दातांनी सोडली. त्यांच्या पायाशी फरशीवर चादरीचं चित्र पसरलं. दोरी जिथे आवळली होती तिथे कोळसा पुसला गेला होता आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागला होता. चादरीच्या घड्या होत्या, उताणा हात होता. चेहऱ्याच्या जागी एक करडा पट्टा होता. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळे पट्टे एकाच उंचीवर. मी गुडघ्यांवर बसून एकामागून एक उलगडत राहिले आणि वर पाहायची माझी हिंमत झाली नाही.

बाबांनी खाली वाकता येईल तेवढं वाकून पाहिलं. रागावले नाहीत. मग ते खुर्चीत मागे टेकले. मान थोडी डावीकडे टाकली, डावा हात मांडीवर उताणा ठेवला, डोळे मिटले आणि तोंड उघडं सोडलं. चित्रासाठी पडून राहायचे तीच तऱ्हा होती, एक बोटभर फरक नाही. हॉलमध्ये माणसं होती, परीक्षक चहा घेत होते, कोणी तरी मोबाइलवर शूट करत होतं. आणि पांढऱ्या शर्टातले बाबा अजिबात न हलता बसले होते.

माझा बोर्ड शेजारीच होता. कांड्या पिशवीत होत्या. मला एक रेघ ओढता आली नाही. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. त्यांच्या ओठाच्या कडेने ओल उतरायला लागली आणि त्यांनी ती पुसली नाही, कारण मी हलू नका म्हटलेलं होतं, कधी तरी, आणि झालं असं म्हटलं नव्हतं.

शेवटी आईने पदराने त्यांची हनुवटी टिपली आणि खांद्यावर हात ठेवला.

“झालं जी,” ती म्हणाली. “काढलं तिनं.”

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्या हातात कागद शोधला.