गोल सोडून पुढे

सामना चालू असताना देवतळे मॅडम कधी बसत नसत. चेंडू जिकडे जाईल तिकडे मैदानाच्या कडेने चालत राहायच्या, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत. जबलपूरच्या आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. माहेर वर्ध्याकडचं, राहायला जबलपुरातच, मदन महल भागात. बाकी मुलींशी हिंदीत बोलायच्या. मी मराठी घरातली, म्हणून माझ्या वाट्याला त्यांची मराठी यायची आणि रागही मराठीतच यायचा.

उंच म्हणून त्यांनी मला शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर केलं. पहिल्या दिवशी मी दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिले, तर म्हणाल्या, "तिथं काय करून राहिली? पुढे ये." मी चार पावलं आले. "अजून ये." गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या पुढच्या रेषेपर्यंत त्यांनी मला आणलं. मागे वळून पाहिलं तर गोल खूप लांब आणि फार रुंद दिसला.

त्यांचा खेळच तसा होता. चेंडू समोरच्यांकडे गेला की मागे पळायचं नाही. उलट त्यांच्याच अर्ध्यात घुसून तो हिसकावायचा. पुढच्या तिघी धावल्या की मधल्या त्यांच्या मागोमाग, आणि बचावाच्या चौघी थेट मध्यरेषेपर्यंत. "एकटी धावली तर तीच दमते," त्या म्हणत, "सगळ्या धावल्या तर समोरची दमते." गोल व्हायचेही. पण कुणी डोक्यावरून लांब चेंडू मारला, तर त्या सगळ्या मोकळ्या जागेत मी एकटी. सामन्याच्या आदल्या रात्री भीतीने मी ताट तसंच सोडून उठायचे.

बरगीच्या शाळेच्या संघाशी खेळताना तेच झालं. चेंडू लांब आला, त्यांची एक सडपातळ मुलगी त्यामागे सुटली. मी निघाले, थांबले, परत फिरले. असे दोन गोल बसले आणि आम्ही हरलो. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, चार लड़कियाँ पीछे रखिए." मॅडम "जी" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सराव घेतला.

मी त्यांना गाठलं. "मॅडम, मला काढा. मला नाही जमत."

"काहून?"

"तुम्ही कधी उभ्या राहिल्या आहात तिथे?" तोंडून निघून गेलं.

ओढणी कमरेला बांधून, पन्नाशीच्या त्या बाई माझ्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मला चेंडू लांब मारायला सांगितलं, आमच्याच एकीला त्यामागे धावायला लावलं. मॅडम निघाल्या, मध्येच अडखळल्या, अगदी माझ्यासारख्याच, आणि उशिरा झेपावल्या. डाव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं.

दवाखान्यात जायला रिक्षात बसताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तिथून चेंडू दूर आहे गं," त्या म्हणाल्या. "एवढं दूर असेल असं वाटलं नव्हतं मला." हात मांडीवर ठेवून मग म्हणाल्या, "बचावाची रेषा दहा पावलं मागे घेऊ. पण तू पुढेच राहशील. आणि एकदा निघाली, की थांबायचं नाही."

जिल्हा स्पर्धेत पुन्हा बरगीच समोर आली. आम्ही एका गोलने पुढे होतो, थोडीच मिनिटं उरली होती. चेंडू डोक्यावरून आला आणि तीच मुलगी त्यामागे निघाली. या वेळी मी निघाले ती थांबले नाही. तिच्या आधी अर्धं पाऊल पोचले आणि चेंडू मैदानाबाहेर मारला. तिचा गुडघा माझ्या बरगडीत बसला. आम्ही जिंकलो.

मी मॅडमकडे गेले तेव्हा त्या चांगल्या हाताच्या बोटाला ओढणीचं टोक गुंडाळत होत्या. "तू निघाली न, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते," त्या म्हणाल्या. "चलो, बरगडी दाखव."

पुढच्या वर्षी त्यांची कुंडमकडे बदली झाली. नव्या सरांनी चौघींना मागे ठेवलं आणि मला गोलरेषेवर उभं केलं. मला वाटलं, सुटले. पण पहिल्याच सामन्यात समोरच्या मुली चेंडू घेऊन हळूहळू जवळ येताना दिसत राहिल्या आणि मला नुसतं बघत उभं राहावं लागलं. एवढी भीती मला मोकळ्या मैदानातही कधी वाटली नव्हती. उत्तरार्धात सरांना न विचारता मी पुढे सरकले.