वावडिंगाचा काढा

वाण्याच्या दुकानात कुणी वावडिंग मागितलं, की त्या उग्र वासानं मला आमची मिठागराजवळची पडवी आठवते. धाकट्या बहिणीच्या कोपरांच्या वळीत इसब होतं. खाजवून रक्त निघायचं, फ्रॉकच्या बाह्या चिकटायच्या. "पोटात जंत हायेत, म्हून खाजवते," म्हणत आईनं वावडिंगाचा काढा केला. मी घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. पोटात जंत असले तर काही मुलांची ॲलर्जी दबून राहत असावी, असं सर नुकतेच वर्गात म्हणाले होते. धीर करून मी विचारलं, "आई, जंत गेले आणि खाज वाढली तर?" वाटी हातात तशीच धरून आई म्हणाली, "मंग काय जंत पालू? कोंबड्या हायेत तेवढ्या पुरे!" इतका वेळ तोंड घट्ट मिटून बसलेली धाकटी खदखदून हसली आणि आईनं तेवढ्यात वाटी तिच्या ओठांना लावली. जंत पडले. खाज मात्र वाढली नाही आणि गेलीही नाही. मग रोज संध्याकाळी तिच्या एका हाताला आई खोबरेल लावायची, दुसऱ्याला मी. आता ती खांदा कॉलनीत राहते. थंडीत कोपर खाजू लागलं, की फोन करून विचारते, "ताई, जंत पालू काय गो?" मी खोबरेलाची बाटली घेऊन तिच्याकडे जाते.