डाव्या कानाची कुडी

टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मराठी मंडळात शरयू जगदाळे यांना सगळे शरयूमावशी म्हणत आणि जरा बिचकूनच असत. कुणाचे मोदक फुटले तर मावशी तोंडावर सांगणार. सत्तरी उलटली, यजमान गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण जीभ शाबूत. गप्प बसणारा माणूस मात्र त्यांना अजिबात खपत नसे. "बरं नाहीतर वाईट, काहीतरी बोला की," असं त्या वैतागून म्हणायच्या. ह्या वैतागाचं मूळ होतं त्यांच्या वडिलांमध्ये, पण ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

बाबा मराठा पलटणीत हवालदार होते. निवृत्त होऊन साताऱ्याला आले आणि साखर कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन झाले. घरात त्यांची ख्याती खविस म्हणून. हाक मारली तर मर्जी असेल तेव्हा ओ देणार. रेडिओ उचलून उजव्या कानाला लावणार. उजव्या कुशीवर झोपले की पोरांनी घर डोक्यावर घेतलं तरी ढिम्म. आई त्यांची बाही ओढून मगच बोलायला सुरुवात करायची.

शरयूला अमेरिकेत केमिस्ट्रीच्या पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला तेव्हा बाबा तिला एसटी स्टँडवर सोडायला आले. त्यांनी लष्करातली आपली लाकडी ट्रंक तिला दिली होती. ती उजव्या खांद्यावर घेऊन ते चालत होते, म्हणून शरयू त्यांच्या डावीकडून चालत होती. स्टँडच्या गलक्यात तिचा धीर सुटला. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जात."

बाबा समोर बघत चालत राहिले. ट्रंक टपावर चढवली, दोरी ओढून बघितली, एसटी हलली.

एवढा जीव गोळा करून विचारलं, आणि बाबांनी मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही! त्यानंतर तिने पत्रं फक्त आईला लिहिली. दोन वर्षांनी बाबा गेले तेव्हा ती साताऱ्याला गेली नाही. परीक्षा होती हे कारण खरं होतं, पण अर्धंच. आपण राहावं की जावं, ह्याचं बाबांना काहीच नव्हतं, हा काटा मनात रुतला तो रुतलाच.

जावई अमेयला नाद होता जुन्या लष्करी रायफलींचा. फौजांनी मोडीत काढलेल्या बंदुका विकत घ्यायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं. यंदा त्याने ईशापूरच्या शस्त्र कारखान्यातली थ्री-नॉट-थ्री रायफल आणली. खंडेनवमीला ती लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी पाटावर ठेवली. शरयूबाईंनी तिच्या दस्त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही, असा त्यांचा दंडक. दसऱ्याला दुपारी मात्र अमेय म्हणाला, "आई, चला. काउंटीच्या हद्दीपलीकडे शूटिंग रेंज बुक केलीय. सीमोल्लंघन!"

त्या दसऱ्याच्या थाटातच निघाल्या. कानांत मोत्याच्या कुड्या होत्या. बरोबर त्यांची नात अंतरा होती.

रेंजवर अमेयने त्यांना बाकाशी बसवलं, चष्मा दिला, कानांवर आवाज अडवणारे जाड मफ्स नीट बसवले. डाव्या कुडीची फिरकी कानामागे बोचायला लागली, तसा शरयूबाईंनी त्या बाजूचा मफ हळूच वर सरकवला. सांगायचं कशाला? त्यांना दागिने काढण्याचा भारी कंटाळा.

रायफल हातात घेतल्यावर तिचं वजन जाणवलं. मग वास आला, जवसाच्या तेलाचा आणि जुन्या लाकडाचा. हॉस्टेलवर कित्येक महिने त्यांच्या कपड्यांना हाच वास येत होता. ट्रंकेचा. त्यांना एकदम भरून आलं. त्यांनी नळीच्या टोकावरची माशी नेमावर धरली आणि चाप ओढला.

खांद्यात दस्त्याची पितळी पट्टी बसली, जमिनीवरची धूळ उडाली. बोल्ट मागे ओढला तशी गोळीची रिकामी पुंगळी उडून सिमेंटवर पडली. हातांना जणू हे आधीच ठाऊक होतं. पाचही गोळ्या संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. रायफल रिकामी करून अमेयने खूण केली, तसे त्यांनी मफ्स उतरवले आणि दूरच्या निशाणाच्या कागदाकडे बघत बसल्या.

"आई, अंतरा काहीतरी विचारतेय," अमेय उजवीकडून म्हणाला.

त्यांनी मान वळवली. डाव्या बाजूला उभ्या अंतराचा चेहरा पडला होता. "आय आस्क्ड यू ट्वाइस, आजी. नेव्हर माइंड." ओठ हलताना दिसले, शब्द मात्र कुठून तरी लांबून आले. डाव्या कानात नुसती शिट्टी वाजत होती.

"मफ सरकवलात ना?" अमेय घाबरला. "लेफ्ट कान नळीच्या बाजूला असतो. राइट हँडेड माणसाचा तोच आधी जातो. जुन्या सोल्जर्समध्ये हे कॉमन होतं, तेव्हा मफ्स कुठले! तुमचा होईल ठीक, त्यांचा कायमचा जायचा."

शरयूबाईंचा हात डाव्या कुडीकडे गेला तो तिथेच राहिला. उजव्या कानाला लावलेला रेडिओ. चांगला कान उशीत दाबून गाढ झोपलेले बाबा. बाही ओढणारी आई. तिला माहीत होतं तर! रात्रपाळीच्या वॉचमनला एका कानाने ऐकू येत नाही, हे कारखान्यात कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून त्यांनी पोरांकडूनसुद्धा खविस म्हणवून घेतलं.

आणि त्या दिवशी उजव्या खांद्यावर ट्रंक होती.

बाबांनी उत्तर दिलं नाही, असं त्या एवढी वर्षं धरून बसल्या होत्या. बाबांपर्यंत प्रश्न पोहोचलाच नव्हता. पोहोचला असता तर ते काय म्हणाले असते, हे आता कोण सांगणार? त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

अंतरा घाबरून जवळ आली. "आजी, आर यू मॅड ॲट मी?"

हेही अर्धंच ऐकू आलं. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला ओढून आपल्या उजवीकडे बसवलं.

"आता विचार. मघाशी काय विचारत होतीस?"

"वॉज इट स्केअरी?"

"हो गं," शरयूबाई म्हणाल्या. "अजून काही विचारायचं असेल तर ह्याच बाजूला बस. आणि मी बोलले नाही ना, तर माझी बाही ओढ."