कोपनहेगनचे बूट

आमच्या बाबांना अख्खा रस्ता 'मापवाले' म्हणायचा. पाय मापल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला बूट दाखवतसुद्धा नसत. आधी समोरच्याला कागदावर उभं करायचं, पेन्सिल फिरवायची आणि मगच बोलायचं. दहा बाय बाराच्या दुकानात पायांचे तीनशे लाकडी साचे होते. त्यांतल्या निम्म्या साच्यांची गिऱ्हाइकं कधीच देवाघरी गेली होती, पण साचा टाकायचा नाही. हट्टी म्हणजे किती हट्टी, ते पुढे कळेलच.

आई एका जहाज कंपनीत टेलिफोनवर बसायची. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर कोपनहेगनच्या बंदराचं कॅलेंडर होतं, पाण्याच्या काठाला लाल, पिवळी, निळी घरं. वर्ष संपलं तरी तिने ते काढू दिलं नाही. एकतीस वर्षं ती त्या घरांकडे बघत "जरा थांबा हं, जोडून देते" म्हणत राहिली. निवृत्त झाली त्या दिवशी दारातच, पायातल्या चपला काढायच्या आधी म्हणाली, "अहो, मला ती घरं बघायचीयेत. खरी."

बाबा म्हणजे सख्ख्या बहिणीकडे जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधीपासून पोट बिघडवून घेणारा माणूस. ते चक्क हो म्हणाले. मी चाटच पडले. वाचनालयातून त्यांनी एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की हे शहर जूनमध्ये, पायी फिरून बघावं, जुन्या भागातले रस्ते दगडी आहेत. झालं! तिकिटं, हॉटेल, व्हिसा सगळं राहिलं बाजूला आणि आई उभी राहिली कागदावर.

"दगडी रस्त्याला साधा तळ चालायचा नाही," बाबा म्हणाले. "आणि बूट आधी इथे वापरून मऊ झाले पाहिजेत. तासभर चालून जराही चावले नाहीत, की त्याच दिवशी तिकिटं काढतो."

मग रोज संध्याकाळी आई नवे बूट घालून बाबांबरोबर बागेला फेऱ्या मारायला लागली. आई शंभर-दीडशे पावलं गेली की पोटरी धरून थांबायची. दोन मिनिटं उभी राहिली की बरं वाटायचं. बाबांनी टाच पाव इंच उंच केली. दुखणं तसंच. मग दुसरा जोड केला. बोटं गार पडतात म्हणाली, तर आतून लोकरीचं अस्तर लावलं. जून आला आणि गेला. "जून काय, पुढच्या वर्षीही येतो," बाबा म्हणाले. मी म्हटलं, "नमनालाच घडाभर तेल! तुमचा बूट होईतो ते बंदर आटून जाईल." सगळे हसलो. आईसुद्धा हसली.

एकदा स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "अगं, नुसती बसले तरी हा पाय गार पडतो. पायात बूट नसले तरी." मला ऑफिसला उशीर झाला होता, मी किल्ल्या शोधत होते. "बाबांना सांग ना," म्हटलं आणि निघाले. तिने सांगितलंही. बाबा तिसऱ्या जोडाला बसले. तेव्हा मी दोन मिनिटं थांबून ऐकलं असतं तर? या 'तर'ला आता काही अर्थ नाही हे मलाही कळतं, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे अंगठ्याला जखम झाली. बूट चावला, असं बाबांनी ठरवून टाकलं. मलम लावलं, बुटाचा चवडा रुंद केला. तीन आठवड्यांनी अंगठा काळा पडला, तेव्हा मी आईला जवळजवळ ओढतच हॉस्पिटलात नेलं.

"कधीपासून त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेरा महिने," बाबा म्हणाले. त्यांना एकेक तारीख पाठ होती.

"बुटाचा काही संबंध नाही. पायाला रक्तच पोहोचत नाहीये. चालताना पोटरी दुखते, उभं राहिलं की दुखायची थांबते, ही त्याचीच खूण. तेव्हाच आणलं असतंत तर पाय वाचला असता."

बाबांनी दाखवायला म्हणून पिशवीतून एक बूट आणला होता. तो मांडीवर धरून ते म्हणाले, "मला वाटलं, माझंच काम चुकतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली होती माझी. पण रागवायचं कोणावर? दुसऱ्याला दोष न देता स्वतःच्या कामात चूक शोधणारा माणूस! त्याच गुणावर चाळीस वर्षं आमचं घर चाललं होतं.

आईचा पाय गुडघ्याखालून काढला. दुसऱ्या पायाच्या नसाही धड नव्हत्या, तेव्हा विमानाचा लांबचा प्रवास कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

तिला घरी आणल्यावर पहिले काही दिवस बाबा तिच्याशी बोललेच नाहीत. एका दुपारी पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "एक जोड धड जमला असता ना," ते म्हणाले, "तर गेल्याच जूनमध्ये तुला सगळं शहर पायी फिरवलं असतं."



"अहो, मला फिरायचं कुठे होतं?" आई म्हणाली. "एका जागी बसून ती घरं बघायची होती. त्याला जुन्या चपलासुद्धा चालल्या असत्या."

तेरा महिन्यांत हे तिला आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.