मॉरिशसच्या शेवटच्या दोन जागा

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसतो, आणि स्वयंपाकघरातून बायको विचारते, “मॉरिशस का?” पोलीस खात्यात माझी उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, नाही नाही ते पाहिलं. पण कुणी “साहेब, एखादी केस सांगा” म्हटलं की मी आधी हीच सांगतो. या केसमध्ये मला ना काठी उचलावी लागली, ना कुणाच्या मागं धावावं लागलं. आरोपी स्वतःच्या पायानं चालत आला, पंगतीत बसला आणि जेवता जेवता सापडला.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याच्या हाताखाली. मी वाशीमजवळच्या मालेगावला ठाणेदार होतो. ठाण्याचं काम म्हणजे सकाळी हजेरी, मग मुन्शीनं लिहिलेली स्टेशन डायरी वाचणं आणि त्यानंतर दिवसभर धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं. एकाचा नांगर दुसऱ्याच्या धुऱ्यात चार बोटं घुसला की दोन्ही घरं डोकी फोडून आमच्या ओट्यावर हजर. मी मूळचा साताऱ्याकडचा. सुरुवातीला वऱ्हाडी बोली कानाला टोचायची, पुढं तिची अशी गोडी लागली की बदली झाल्यावर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

अशाच एका दुपारी ठाण्यात एक बाई आल्या. पांढरी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, पाठ ताठ. त्या दिसताच माझे जमादार खुर्चीवरून उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते इतक्या चपळाईनं कधी उठले नव्हते! नंतर कळलं, जमादार त्यांचे विद्यार्थी. शाळेत भूगोल शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा, म्हणजे गुरुजी, तेही शिक्षकच. छप्पन साली ज्यांनी धम्मदीक्षा घेतली त्यांपैकी हे घर. बाईंच्या जन्मातला एकुलता एक मोठा प्रवास म्हणजे तो नागपूरचा.

“जयभीम, साहेब,” बाई म्हणाल्या. “आमी दोघं जरा बाहेरगावी चाललो. घरावर नजर राहू द्या. आन् येत्या इतवारी जेवाले या, मॅडमले घेऊन.”

“कुठं निघालात?”

“मॉरिशसले.”

मुन्शीच्या हातातला टाक थांबला. मला वाटलं मॉरिशस नावाचं मेहकरच्या बाजूला एखादं खेडं असेल. वऱ्हाडात कसलंही नाव असू शकतं. पण बाईंनी पिशवीतून रंगीत चित्रं काढून टेबलावर मांडली. निळं पाणी, माडाची झाडं, पांढरी वाळू, वाळूवर गवताच्या छपराच्या झोपड्या. श्रीमंत लोक तिथं आराम करायला जातात म्हणे. मुंबईहून विमानानं जायचं, समुद्रकाठच्या झोपडीत राहायचं, आणि दिवसभर नुसतं पाण्याकडं बघत बसायचं.

“आमच्या कारंज्याले मुंबईचा एक एजंट आला हाय. सगळं तोच करते. पैसेबी भरून झाले. शेवटच्या दोन जागा होत्या, आमाले भेटल्या.”

“पासपोर्ट?”

“तोबी तोच काढून देऊन राह्यला.”

इथं माझ्यातला पोलीस जागा झाला. पासपोर्टचा अर्ज झाला की चौकशीचा कागद ठाण्यावर यायचा. माणूस कुठला, चालचलन कसं, हे आम्ही लिहून दिल्यावर काम पुढं सरकायचं. मालेगावात असा कागद वर्षातून एखादा येई, त्यामुळं आला की मुन्शी सगळ्या ठाण्याला वाचून दाखवी. बाईंचा कागद आलाच नव्हता. मी जमादारांकडं पाहिलं, त्यांनी ‘नाही आला’ अशी मान हलवली.

मी हळूच म्हणालो, “बाई, त्या एजंटनं हे कुणाला सांगू नका, असं म्हटलं होतं का?”

“म्हनलं होतं ना. लोकायले समजलं तं मोठे लोक जागा पळवतात म्हने. पर साहेब, न सांगता कोनी जाते काय? न सांगता तं चोर जाते. आमी काहून चोरावानी जाऊ?”

हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांना सलाम ठोकला. इकडची रीतच तशी आहे. लांबच्या गावाला जाणारा माणूस घरोघर जाऊन ‘येतो’ म्हणतो, चार माणसं जेवू घालतो. मुंबईच्या त्या पठ्ठ्याला ही रीत कुठली माहीत असायला!

मी माझी शंका बोलून दाखवली. बाईंचा चेहरा उतरला आणि लगेच तापलाही. “तुमी मले भेव काहून दाखवून राह्यले? सगळ्या गावाले सांगून बसली मी. आता नाही गेली तं लोक हासतीन.” मग जरा थांबून त्यांनी चष्मा काढला आणि खरी गोष्ट सांगितली. डोळ्यांत काचबिंदू होता. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की नजर अशीच आक्रसत जाणार, फार तर वर्षभर टिकणार, गेलेली परत येणार नाही. “जिंदगीभर पोरायले समुद्र शिकवला, साहेब. पाह्यला नाही कधी. या वर्सी नाही पाह्यला तं मंग कवा पाहाचा?”

बाई गेल्या आणि मी सरळ चिडलो. पैसे बुडवणारे पुष्कळ पाहिले होते. पण हा माणूस या बाईचं उरलेलं वर्ष चोरत होता, आणि ते कुठल्या मुद्देमालात जमा करून घेणार? जमादार तर म्हणाले, “साहेब, हुकूम करा, आता जाऊन उचलतो त्याले.”

“कुठल्या फिर्यादीवर उचलता?” मी म्हणालो. बाई फिर्याद द्यायला तयार नव्हत्या. दुसरा कोणी फसल्याचं ठाऊक नव्हतं. नुसतं बोलावून विचारलं असतं तर चार गोड शब्द बोलून तो रातोरात पसार झाला असता. कारंज्याच्या ठाण्याकडून गुपचूप माहिती काढली. गडी लॉजवर राहतो, सफारी घालतो, सगळ्यांशी अदबीनं बोलतो. तक्रार एकही नाही.

मी गुरुजींना जाऊन भेटलो. ते मितभाषी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “त्याले जेवाले बोलावलं तं?” बाई आतून म्हणाल्या, “बोलावतोच हाय मी. ज्यानं एवढं केलं त्याले सोडून पंगत कशी बसन? आन् खोटा असन तं मी स्वतः इचारतो त्याले.” मी फक्त एवढीच विनंती केली की मी येणार आहे हे त्याला कळू देऊ नका.

रविवारी दिवसाउजेडी पंगत मांडली. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मी साध्या कपड्यांत ओळीच्या टोकाला बसलो. जमादार धोतर नेसून वरण वाढत होते, आणि खरं सांगतो, त्या कामात त्यांचा हात नोकरीपेक्षा चांगला होता. एजंट आला तो टॅक्सीनं. बाईंच्या पाया पडला, मधोमध मानाच्या पाटावर बसला. त्यानं आजूबाजूला पाहिलं मात्र, आणि त्याच्या तोंडाचं पाणी पळालं.

आता इथं त्याच्या हुशारीबद्दल सांगितलं पाहिजे. त्यानं गिऱ्हाइकं वेचून काढली होती, प्रत्येक समाजातलं एक. कारंज्याचे एक जैन व्यापारी. मालेगावजवळचे एक मोठे जमीनदार. पोहरादेवीकडच्या बंजारा तांड्याचा एक नायक, म्हणजे प्रमुख. आणि या बाई. त्याचा हिशेब असा की ही माणसं एकमेकांच्या घरी पाणीही पीत नाहीत, मग मॉरिशसच्या गोष्टी कशाला करतील? आणि हिशेब चूक होता असंही नाही. आम्हा लोकांच्या भिंती त्यानं बरोबर ओळखल्या होत्या. पण बाईंनी आयुष्यभर गावोगावच्या शाळांत शिकवलं होतं, हे त्यानं धरलं नव्हतं. जमीनदार त्यांचा विद्यार्थी. नायकाचा मुलगा विद्यार्थी. व्यापाऱ्यांची सून त्यांच्याच हाताखाली सातवी झालेली. बाईंचं बोलावणं आलं आणि सगळे आले. काहींच्या घरून विरोध झाला असणार, तरी आले. व्यापाऱ्यांनी वांगं घेतलं नाही, पण रोडगा आणि गूळ-तूप मजेत खाल्लं.

पहिला घास झाला आणि जमीनदार मोठ्यानं म्हणाले, “बाई, तुमी मॉरिशसले चालल्या? अवो, आमीबी चाललो ना! कोनाले सांगू नोका म्हनलं होतं, पर आता तुमाले काय लपवाचं? शेवटच्या दोन जागा होत्या, आमाले भेटल्या.”

बाईंचा वाढता हात थांबला.

पलीकडून नायक म्हणाला, “शेवटच्या दोन तं आमाले देल्ल्या.”

व्यापाऱ्यांनी गूळ खाली ठेवला. “मग आमच्या कोणत्या?”

साऱ्या पंगतीच्या माना मानाच्या पाटाकडं वळल्या. एजंट हसायचा प्रयत्न करत उठू लागला, “जरा हात धुवून येतो.” तेवढ्यात मागून एका म्हातारीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. “बस बापा. भरल्या ताटावरून उठू नाही. पंगत उठन तवा ऊठ.” तो पुन्हा उठला, दुसऱ्या आजीनं बसवलं. जमादारांनी त्याच्या पानात आणखी वरण ओतलं. वऱ्हाडी पाहुणचाराची कोठडी लोखंडी कोठडीपेक्षा भक्कम असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी मुकाट्यानं माझा रोडगा संपवला, कारण तो फार चांगला झाला होता.

पंगत उठली. बाई एजंटसमोर उभ्या राहिल्या आणि वर्गात विचारावं तशा स्वरात म्हणाल्या, “खरं सांग. जागा किती लोकायले इकल्या?” तो दाराकडं सरकू लागला. बाई माझ्याकडं वळल्या. “साहेब, लिहून घ्या माही फिर्याद. पहिली माही.” लोक हसतील म्हणून घाबरणारी ती बाई साऱ्या गावादेखत पहिली उभी राहिली. मग बाकीच्यांनाही लाज सोडावी लागली.

ठाण्यात आणल्यावर गडी पुन्हा तोऱ्यात आला. मुंबईचं ऑफिस, वरच्या ओळखी, चुकून घोळ झाला, दोन दिवसांत सगळं मिटवतो. आमचे काही लोक बाह्या सारू लागले. मी त्यांना बाहेर काढलं. मारानं माणूस काहीही कबूल करतो, आणि ते कोर्टात उभं राहत नाही. मी आरोपीला खिडकीशी बसवलं, चहा दिला आणि बाहेरच्या ओट्यावर सगळ्यांची जबानी घ्यायला सांगितलं, मोठ्या आवाजात. एकामागून एक माणूस तेच सांगत होता: सांगू नका म्हणाला, शेवटच्या दोन जागा म्हणाला. तो ऐकत राहिला. स्वतःचं खोटं तेच ते पुन्हा पुन्हा ऐकायला लागलं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. नायकाची जबानी चालू असतानाच त्यानं कप खाली ठेवला. “साहेब, बस करा. सांगतो.”

पासपोर्टचे अर्ज त्यानं कधी केलेच नव्हते. चित्रं एका विलायती कॅलेंडरमधली कापलेली. रक्कम अकोल्याला मेहुण्याकडं ठेवली होती. आम्ही लगेच जीप काढली, पंच सोबत घेतले, आणि मेहुण्याच्या घरातून जवळजवळ सगळं हस्तगत केलं. चारशे वीसखाली खटला उभा राहिला, साक्षीदार एकही फुटला नाही, शिक्षा झाली. वरून शाबासकीचं पत्र आलं. माझ्या नोकरीतली ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत गोड केस.

पण माझ्या डोक्यातून बाईंचं वर्ष जात नव्हतं. मुद्देमाल कोर्टातून लवकर सुटावा म्हणून मी सरकारी वकिलाच्या उंबऱ्याशी इतक्या वेळा गेलो की तो मला पाहून लपायला लागला. पासपोर्टचा अर्ज जमादारांनी स्वतः भरून घेतला. चौकशीचा कागद आला तेव्हा मी ‘चालचलन उत्तम’ असं लिहिलं, आणि खात्याची रीत मोडून ‘उत्तम’खाली रेघ मारली. पावसाळा संपला आणि बाई-गुरुजी खरोखरच विमानात बसले. एस. टी. स्टँडवर निरोप द्यायला अर्धं मालेगाव होतं. जमीनदारांनी बँड लावला होता!

या केसनं मला एक गोष्ट शिकवली, आणि पुढं प्रत्येक ठाण्यात मी ती लोकांना सांगत आलो. ठगाला आधी तुमचे पैसे नको असतात. आधी त्याला तुमचं गप्प बसणं हवं असतं. ज्या आनंदाची बातमी शेजाऱ्याला द्यायची बंदी आहे, तो आनंद ठाण्यात आणून दाखवा. आणि शेजारी दुसऱ्या जातीचा असेल तर त्याला आधी सांगा, कारण ठगाचा सगळा भरवसा तुम्ही त्याच्याशी बोलणार नाही यावरच असतो.

परत आल्यावर बाई ठाण्यात आल्या. उन्हानं रापल्या होत्या. मुन्शी, शिपाई, कोठडीतला एक दारुडासुद्धा कान देऊन बसला. आमच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता.

“कसा होता, बाई?”

“काय सांगू, साहेब. सकाळी हिरवा, दुपारी निळा, सांजच्याले सोन्यावानी. गुरुजी म्हने चाल जेवाले, मी म्हनलं तुमी जा. डोळे भरून पाह्यला, साहेब. मंग शेवटच्या दिवशी डोळ्यायले म्हनलं, तुमाले जायचं असन तं जा आता. मी सुट्टी देल्ली.”

आणि बाई खळखळून हसल्या.