आठवी वाटी

बाईंच्या दारावर पाटी होती: “स्वभाव सांगून मिळणार नाही. बसावे लागेल.” खाली बारीक अक्षरांत, “घाई असल्यास शेजारी ज्योतिषी आहेत.” शेजारी खरोखरच ज्योतिषी होते आणि त्यांना ही पाटी मुळीच आवडत नसे. नारायण पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर ती पाटी वाचून निम्मे लोक परत फिरायचे. उरलेल्या निम्म्यांसाठी बाई चहा टाकायच्या.

कॉलेजात त्या आम्हाला मानसशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर एका वधू-वर सूचक मंडळाने त्यांना विचारलं की, लग्न ठरवू पाहणाऱ्या मुलामुलींशी बोलाल का, आणि त्या हो म्हणाल्या. तेव्हापासून अनेक जोडपी त्यांच्याकडे जाऊन बसली आणि उठताना एकमेकांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहत बाहेर पडली. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर हळवं व्हायला हवं, असं सगळे म्हणतात. मला राग येतो. तो लपवून त्यांच्याबद्दल लिहिलं असतं तर त्यांनीच कागद परत केला असता.

स्वभाव शिकवायला बाईंकडे फळा नव्हता, मिसळणाचा डबा होता. स्टीलचा, सात वाट्यांचा. आठवी वाटी वेगळी, कपाटात मागे ठेवलेली. “जग कळून घ्यायच्या दोन तऱ्हा,” त्या म्हणायच्या, “एक, समोर दिसतं, हाताला लागतं त्यातून. दुसरी, अजून दिसत नाही त्याच्या सुगाव्यातून. ठरवायच्याही दोन तऱ्हा: विचाराने आणि भावनेने. आता या चारही गोष्टी कुणी बाहेर तोंड करून करतो, कुणी आत वळून. झाल्या आठ. आठही सगळ्यांकडे असतात. फोडणी करताना कुणाचा हात आधी कुठल्या वाटीकडे जातो, एवढाच काय तो फरक.” आठवी वाटी बाहेर का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “ती आपली आहे हे माणसाला ठाऊकच नसतं. फार संतापला की तीच हाताला लागते.”

त्यांची दुसरी सवय म्हणजे भांडण विचारणं. छंद, आवडीनिवडी, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असलं काही नाही. “घरातलं शेवटचं भांडण सांगा. गोड गोष्टी काय, कुणीही सांगतं.” मग डोळे मिटून ऐकायच्या. नवीन माणसाला वाटायचं की बाईंना डुलकी लागली. मध्येच डोळे उघडून एखादाच प्रश्न विचारायच्या आणि तो नेमका आपण वगळलेल्या जागेवर पडायचा.

प्रफुल्ल आणि मी त्यांच्यासमोर बसलो तेव्हाही त्यांनी भांडणच विचारलं. प्रफुल्ल अमरावतीचा, हडपसरला माझ्यासारखाच एका आयटी कंपनीत. मंडळातूनच ओळख झालेली. त्याने सोफ्याचं भांडण सांगितलं. वडिलांनी हौसेने सोफा घेतला, तो लिफ्टमध्ये मावेना, आई रडकुंडीला आलेली, आणि हा पठ्ठ्या एकामागून एक तोडगे सुचवतोय: खिडकीतून चढवू, पाय कापू, खालच्या मजल्यावरच्यांना देऊन टाकू, नाहीतर आपणच खाली राहायला जाऊ. बाई खुदकन हसल्या. मग माझी पाळी आली. आईने मला दिलेलं तिचं जुनं शिलाई मशीन बाबांनी मला न विचारता भंगारात दिलं होतं, ते मी सांगितलं. मी भांडले नव्हते. बरेच दिवस फक्त जेवढ्यास तेवढं बोलत होते, आणि घरात कुणाला काही वाटलंच नव्हतं.

बाईंनी डब्यातली हिंगाची वाटी उचलून माझ्यासमोर ठेवली. “ही आत वळलेली भावना. हिच्यावर झाकण इतकं घट्ट असतं की लोकांना वाटतं, आत काही नाहीच. मग म्हणतात, मुलगी थंड आहे, हिशेबी आहे.”

प्रफुल्ल माझ्याकडे वळून म्हणाला, “काहून नाही बोलली मंग तू?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला घरातल्या कुणी विचारला नव्हता. त्या क्षणी मला तो माणूस हवासा झाला. सांगून टाकते, उगाच आडपडदा कशाला.

“तुम्ही भांडाल,” बाई म्हणाल्या. “हा दहा गोष्टी बोलेल, तू एकही बोलणार नाहीस. एवढं दोघांना ठाऊक असलं की बाकीचं निभतं.” त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. तसं त्या कुणालाच म्हणत नसत. दाराशी चपला घालताना मला एवढंच म्हणाल्या, “मुलगा विचारतो. पुष्कळ झालं.”

आता ज्याचा राग येतो ते सांगते. मंडळाच्या संचालकांना बसणं परवडेना. लोकांना उत्तर मोबाइलवर हवं होतं. मग त्यांनी एक चाचणी आणली: पटापट टिचक्या मारायच्या, शेवटी चार इंग्रजी अक्षरं मिळणार आणि दोन माणसांची अक्षरं जुळतात की नाही ते हिरव्या-लाल रंगात दिसणार. वर बाईंचा फोटो आणि “ज्येष्ठ मानसतज्ज्ञ मॅडमच्या पद्धतीवर आधारित.” बाईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आठ वाट्यांपैकी कुठली पहिली, कुठली मागची, कुठली ताणाखाली उसळते, ते सगळं कुठल्या कुठे गेलं. उरलं काय, तर शिक्का.

आणि त्या शिक्क्यावर पहिली झडप घातली आमच्या बाबांनी. बाबा म्हणजे पत्रिका न मानणारा माणूस. आईला मंगळ आहे हे कळल्यावर सगळ्या नातेवाइकांना फाट्यावर मारून त्यांनी लग्न केलं होतं. ही गोष्ट ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात, अजूनही. अशा माणसाने एके दिवशी मी ऑफिसातून आल्यावर मला हाक मारली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “जमणार नाही. तू आय-एस-टी-जे आहेस, म्हणजे हिशेबी, मोजकं बोलणारी, आणि मुलगा ई-एन-एफ-पी, म्हणजे मनमौजी. लाल आलंय.”

“मी कधी भरली चाचणी?”

“मी भरली. तुला वेळ कुठे असतो? त्याच्या आईने त्याची भरली. मंडळाचं सगळं पालकच भरतात.”

म्हणजे पाहा. उंची, गोत्र, शिक्षण पालकांनीच भरायचं, या आमच्याकडच्या जुन्या शिरस्त्यात माझं मनसुद्धा त्यांनी भरून टाकलं. कात्रजला बसून माझ्या बाबांनी मी कोण ते ठरवलं, अमरावतीला बसून त्याच्या आईने तो कोण ते ठरवलं, आणि जुळलं नाही ते त्या दोघांचं. मोडत होतं मात्र माझं लग्न.

मी बाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी बसने त्या कात्रजला आल्या, कापडी पिशवीत डबा घेऊन. बाबांनी त्यांचं अगदी रीतसर स्वागत केलं.

“आपण मुलीच्या वतीने उत्तरं दिलीत?” बाईंनी विचारलं.

“अर्थात. मी तिचा बाप आहे. मला माहीत नसणार?”

“गर्दीत एकटं वाटतं का, असा एक प्रश्न आहे त्यात. काय लिहिलंत?”

“वाटत नाही, असं लिहिलं. तिला कसलं एकटं वाटतंय! कामात असते.”

बाई माझ्याकडे वळल्या. “वाटतं का गं?”

“वाटतं,” मी म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पंख्याकडे. “कधी बोलली नाही ती,” ते म्हणाले.

“अहो, मग आपलं आणि वहिनींचं भरून पाहा. काय येतं ते कळू दे.”

“आमच्या वेळी हे शास्त्र नव्हतं,” बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, मुद्दा संपला अशा आवाजात. त्या शांतपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण उठल्या त्या बाई. त्यांचा आवाज चढलेला मी कॉलेजातही कधी ऐकला नव्हता. “पत्रिकेत निदान दोष ग्रहाचा असायचा हो! तुम्ही तो उचलून मुलीच्या स्वभावात नेऊन ठेवलात. ग्रहाची शांत करता येते. हिची काय करणार आहात? हे शास्त्र नाही. ही तुमची जुनी सवय आहे, नवा कोट घालून आलेली. आणि त्या कोटावर माझा फोटो लावलाय!” बोलता बोलता हात लागून डब्याचं झाकण खाली पडलं आणि गरगरत कोपऱ्यात गेलं. मग त्या बसल्या. आईने आणलेलं पाणी प्यायल्या. म्हणाल्या, “ही माझी आठवी. आवाजाबद्दल माफ करा. बोलले त्याबद्दल नाही.”

अशा गोष्टींत इथे बापाचं मन पालटतं. आमच्या बाबांचं पालटलं नाही. बाई गेल्यावर ते एवढंच म्हणाले, “विद्वान आहेत, पण तापट आहेत.”

प्रफुल्लचा फोन त्याच आठवड्यात आला. “आईले समजावून राहिलो होतो मी, मृणाल. पण आता उद्या आपलं काहीही झालं ना, साधी भाजी खारट झाली, तरी ती म्हणेल, आधीच कळलं होतं. मले ते रोज ऐकणं नाही जमणार.” मी त्याला म्हटलं, मग जमवू नकोस, आणि फोन ठेवला. त्याला दहा तोडगे सुचतात म्हणून मला तो आवडला होता. या वेळी त्याला एकही सुचला नाही. मी रडले, ऑफिसच्या जिन्यात, सगळ्यांसमोर. शिक्क्याप्रमाणे ते मला येत नाही.

मी बाईंवरही चिडले होते, हे इथे लिहायलाच हवं. त्यांच्याकडे जाऊन मी सरळ विचारलं, “कशाला सांगितलेत लोकांना हे आठ आणि चार? ते शिक्के मारणारच होते.”

बाईंनी हातातली वाटी पुसून डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, “लोकांच्या हातातली पत्रिका काढून घ्यायची, तर हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं, असं मला वाटलं. रिकाम्या हाताचा माणूस घाबरतो. मी त्याला ऐकण्याची रीत दिली होती गं. त्याने तीही मुठीत दाबून गोळी केली.” हे उत्तर मला पुरलं नाही. आजही पुरत नाही.

त्यानंतर बाईंनी जे केलं त्याची मंडळात अजून चर्चा होते. आपला फोटो काढा, असं त्यांनी संचालकांना सांगितलं. “बघतो मॅडम,” असं संचालक म्हणाले, म्हणजे काढणार नाहीत. मग बाई मंडळाच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर येऊन बसायला लागल्या. आलेल्या आईबापांना विचारायच्या, “मुलगी कुठाय? ऑफिसात? मग तिचं मन तुम्ही कुठे घेऊन चाललात?” काही जण चिडायचे, काही उठून घरी जायचे. संचालक अदबीने म्हणायचे, “मॅडम, आपलं वय झालं, दगदग कशाला?” बाई म्हणायच्या, “बसलेच आहे. बसायला कसली दगदग?” मी शनिवारी त्यांना डबा द्यायला जायचे. तो खात खातही त्यांची चौकशी चालू असायची. रागातसुद्धा त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायच्या, हे मला कधी जमलं नाही.

पावसाळा सरता सरता त्या आजारी पडल्या आणि फार त्रास न होता गेल्या. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, “हल्ली राग येतो का?” मी म्हटलं, रोज. “मग बोलून दाखवतेस का?” मी गप्प राहिले. “बघ,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मंडळाने शोकसभा ठेवली. आपली चूक झाकायला शोकसभेइतकी सोयीची जागा नाही. मी बाबांबरोबर गेले. समोर बाईंचा तोच फोटो, त्याला हार, आणि शेजारच्या फळ्यावर खडूने सुबक अक्षरांत त्यांचं नाव. नावाखाली लिहिलं होतं, “आय-एन-एफ-जे. दुर्मिळ व्यक्तिमत्त्व.”

बाईंनी आपली अक्षरं कधीच कुणाला सांगितली नव्हती. वर्गात कुणी स्वतःला दुर्मिळ म्हणवून घेतलं की म्हणायच्या, “वा! म्हणजे आता ऐकायला नको.” आणि इथे त्यांच्या मरणानंतर, त्यांना न विचारता, कुणीतरी त्यांचीही चाचणी भरून टाकली होती.

संचालक बोलायला उभे राहिले होते. मी उठले, चालत फळ्यापाशी गेले आणि ती अक्षरं ओढणीने पुसली. पुसून झाल्यावर वळले आणि म्हणाले, “यांना कुणी विचारलं होतं?” माझा आवाज खोलीच्या पार टोकापर्यंत गेला. “नव्हतं ना विचारलं? मग त्यांचा फोटोही काढा.” आणि कुणी पुढे येईना, म्हणून मी तो भिंतीवरून स्वतःच उतरवला.

परतताना रिक्षात फोटो माझ्या मांडीवर होता. बाबा स्वारगेटपर्यंत बाहेरच पाहत होते. ते रागावले नव्हते, खरोखरच गोंधळले होते.

“पण तू अशी नाहीस,” ते शेवटी म्हणाले. “तुझ्या अक्षरांची माणसं चारचौघांत असं करत नाहीत.”

“ती अक्षरं तुमची आहेत, बाबा. माझी तुम्ही अजून विचारलेलीच नाहीत.”

रिक्षा सिग्नलला थांबली. बाबांनी माझ्या ओढणीवरच्या खडूकडे पाहिलं. मग अवघडून, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, “ते मशीन... मी तुला विचारायला हवं होतं का गं?”

“हो,” मी म्हणाले. “आणि मला अजून राग आहे.”