पिठाच्या खुणा

शाळेत मराठीच्या तासाला मास्तर कविता म्हणायचे, तेव्हा टेबलावर लाकडी पट्टीने ठेका धरायचे. टक... टक... टकटक. साठ वर्षं झाली, पण पळायला लागलो की पाचव्या मिनिटाला ती पट्टी कानात सुरू होते. माझं घड्याळ म्हणा, कोच म्हणा, तेच.

परवा रविवारी पहाटे साडेपाचला चेन्नईत पळत होतो. तांबरमच्या पलीकडे, मुलाच्या सोसायटीतून निघून तळ्याच्या बांधावर. हाफ मॅरेथॉनच्या तयारीतली सोळा किलोमीटरची लांब रन होती.

दिवाळीनंतर मी इथेच राहायला येणार आहे. साताऱ्यात आता माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही. तेव्हा हे माझं पुढचं गाव... पायाखालून घालावं म्हटलं.

निखिलने, म्हणजे मुलाने, एक अट घातली होती. "बाबा, एकदा जरी रस्ता चुकलात तर पुढे सोसायटीच्या आतच पळायचं." आत म्हणजे तीन टॉवरभोवती चारशे मीटरचा सिमेंटचा रस्ता. घाण्याला जुंपल्यासारखं. मी हो म्हटलं, पण ते चारशे मीटर डोक्यातून जाईनात.

मी पोस्टातून रिटायर झालो. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचले, आणि इथे एक पाटी वाचता येत नाही. फोन आपला साधा, बटणांचा. म्हणून मी स्वतःची युक्ती काढली. इथे पहाटे बायका दारासमोर पाणी शिंपडून रांगोळी काढतात. जाताना मी त्याच खुणा धरल्या. पोपटाची जोडी दिसली तिथे डावीकडे... मोठ्या कमळापाशी उजवीकडे... ठिपक्यांभोवती वेटोळी घातलेल्या रांगोळीशी पुन्हा डावीकडे. मग बांध.

बांध छान होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ताडाची झाडं आणि त्यांच्यामागे नवे टॉवर. पाण्यात पांढरे बगळे उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे. टेकडी एकही नाही, पण घाम असा की शर्ट पिळून घ्यावा. आठ किलोमीटरला वळलो.

परत गल्लीत शिरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते... आणि पोपट नव्हते. कमळही नव्हतं. स्कूटर गेल्या होत्या, माणसं गेली होती, आणि उरलेल्या पिठावर मुंग्यांची रांग लागली होती. एक खार तर माझ्यादेखत ठिपके खात होती. आमच्याकडची रांगोळी दगडाच्या भुकटीची, ती संध्याकाळपर्यंत टिकते. ही तांदळाच्या पिठाची. मुंग्या-पाखरांनी खावी म्हणूनच काढतात, हे मला नंतर कळलं.

एकाला सोसायटीचं नाव सांगितलं. त्याने मोठ्या आपुलकीने रस्ता दाखवला, आणि मी दोन किलोमीटर पळून दुसऱ्याच गेटवर पोचलो. बिल्डरने एकाच नावाच्या तीन सोसायट्या बांधल्या आहेत... वॉचमनने मान हलवली. तिथून परतताना मी आणखी एका अनोळखी गल्लीत शिरलो.

निखिलला फोन लावला असता तर दहा मिनिटांत गाडी आली असती. पण मग ते चारशे मीटर. मी फोन काढला आणि परत ठेवला. एका पायरीवर टेकलो आणि स्वतःशीच, पण मोठ्याने म्हणालो, आता कुठे वळायचं बुवा.

"कोठें जाणें आहे?"

मागे दारात एक म्हातारी बाई उभी होती. हातात झाडू, नाकात दोन्हीकडे चमक्या. बोलण्याची चाल सगळी तमिळ, शब्द मराठी... आणि तेही आमच्या पाचवीच्या पुस्तकात असायचे तसले. मी पायरीवरून उठून उभा राहिलो.

कमलाबाई त्यांचं नाव. पूर्वज तंजावरला आले त्याला तीनशे वर्षं झाली म्हणाल्या. घरात आता त्या एकट्याच मराठी बोलतात, नातवंडं तमिळमध्ये उत्तर देतात. त्यांनी पाणी दिलं, माझ्या रांगोळीच्या खुणा ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या. मी पोस्टातला माणूस, पत्ता फ्लॅट नंबर, पिनकोडसकट सांगितला. त्यांनी छत्री घेतली आणि मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. पुढे सरळ जा, अण्णा, म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. निखिलने विचारलं, कशी झाली? मी म्हटलं, छान. खोटं नव्हतं... पण सगळं खरंही नव्हतं. जेवताना दोन घास कमीच गेले.

चार वाजता बेल वाजली. निखिलने दार उघडलं. बाहेर कमलाबाई, छत्री मिटत, लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून धापा टाकत. निखिल सवयीने तमिळमध्ये बोलला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, त्याच्या खांद्यावरून मला शोधलं.

"पोचलां कां नीट, अण्णा? सकाळीं वाट चुकलां होतां, जीवाला चैन पडेना."

झालं. मी हातातला पेपर खाली ठेवला. निखिल एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो या शहरात आहे, इथल्या माणसाच्या तोंडून अशी मराठी त्याने कधी ऐकली नव्हती.

त्याने दार पूर्ण उघडलं. त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग खाली बसून विचारलं, "आजी, दर रविवारी बाबा तुमच्या दारावरून गेले तर लक्ष ठेवाल?"

साताऱ्यात मी हजारो पत्रं पोचवली. मी पोचलो का, हे बघायला कुणी घरापर्यंत आलं, ते मात्र या गावात... अजून राहायलाही आलो नाही तोवर.